मांजरांमधील आजार आणि ताण यांची ओळख

मांजरांमधील आजार आणि ताण यांची ओळख म्हणजे पाळीव मांजराच्या वागण्यात, खाण्यापिण्यात किंवा मलमूत्रविसर्जनाच्या सवयींत झालेल्या बदलामागे शारीरिक आजार आहे, परिसरातून उद्भवलेला ताण आहे, की दोन्ही एकत्र आहेत, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. मांजरांच्या बाबतीत ही ओळख विशेष कठीण असते, कारण लपून बसणे, कमी खाणे, अंग अतिरेकी चाटणे, उलट्या होणे, ठरलेल्या जागेबाहेर लघवी करणे ही लक्षणे आजार आणि ताण या दोन्ही अवस्थांत आढळतात. शिवाय ताणामुळे काही आजार बळावतात आणि आजारामुळे मांजरावर ताण येतो. म्हणून पशुवैद्यकशास्त्रात वर्तनातील बदलाचे कारण आधी शारीरिक तपासणीने शोधले जाते आणि शारीरिक कारण आढळले नाही, तरच ताण हे प्रमुख कारण मानले जाते.

पार्श्वभूमी

पाळीव मांजर (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) हे आफ्रिकी रानमांजरापासून उत्क्रांत झाले आहे. हा पूर्वज एकट्याने शिकार करणारा लहान प्राणी असून तो स्वतःही मोठ्या भक्षकांचे भक्ष्य ठरू शकतो. अशा प्राण्याला आपले दुखणे उघड करणे धोक्याचे असते. कळपात राहणाऱ्या प्राण्याप्रमाणे त्याला सोबत्यांकडून मदतही मिळत नाही. त्यामुळे दुखत असताना ओरडणे किंवा लंगडणे याऐवजी हालचाल कमी करणे आणि आडोशाला जाणे ही मांजराची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. घरात पाळलेल्या मांजरातही ती टिकून आहे.

या स्वभावामुळे आजाराची सुरुवातीची चिन्हे पालकांच्या लक्षात येत नाहीत किंवा त्यांचा वेगळा अर्थ लावला जातो. कोपऱ्यात बसून राहणारे मांजर 'रुसले' आहे, गादीवर लघवी करणारे मांजर 'सूड घेत' आहे, म्हातारे मांजर 'आळशी' झाले आहे, असे म्हटले जाते. गादीवरील लघवीमागे मूत्राशयाचा दाह आणि म्हाताऱ्या मांजराच्या आळसामागे सांधेदुखी असू शकते. घुरघुरणे हे समाधानाचे लक्षण समजले जाते, परंतु वेदनेत, भीतीत आणि प्रसंगी मरणासन्न अवस्थेतही मांजरे घुरघुरतात. त्यामुळे केवळ घुरघुरण्यावरून मांजर बरे आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ताणाची शारीरिक प्रक्रिया

धोक्याची जाणीव होताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होते. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांमुळे हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते, बाहुल्या विस्फारतात आणि पचनक्रिया मंदावते. धोका टळल्यावर शरीर पूर्वस्थितीत येते. हा तीव्र परंतु अल्पकालीन ताण असतो.

ताणाचे कारण कायम राहिले आणि मांजराला त्यापासून दूर जाता आले नाही, तर ताण दीर्घकालीन होतो. घर बदलणे, रंगकाम किंवा दुरुस्ती, नवे मूल किंवा नवा प्राणी, घरातील माणसाची अनुपस्थिती, खिडकीबाहेर वारंवार दिसणारे अनोळखी मांजर आणि घरातील मांजरांमधील छुपे वैर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. महाराष्ट्रात दिवाळीतील फटाके तसेच मिरवणुकांतील ढोलताशे व ध्वनिवर्धक यांची त्यात भर पडते. छुप्या वैरात मारामारी होतेच असे नाही. एक मांजर दाराच्या चौकटीत किंवा जिन्यावर नुसते बसून दुसऱ्याची अन्नाकडे किंवा वाळूच्या ट्रेकडे जाण्याची वाट अडवते आणि पाहणाऱ्याला दोघे शांत बसलेले दिसतात.

ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२ मांजरांचे ७७ आठवडे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी १२ मांजरे निरोगी होती, तर २० मांजरांना मूत्राशयदाहाचा इतिहास होता. देखभाल करणाऱ्या व्यक्तीत किंवा दिनक्रमात बदल झाला, की कमी खाणे, उलट्या आणि ट्रेबाहेर मलमूत्रविसर्जन ही लक्षणे निरोगी मांजरांतही वाढली. म्हणजेच आजाराची वाटणारी लक्षणे केवळ परिस्थिती बदलल्यानेही दिसू शकतात.

समान लक्षणे आणि त्यांचे अर्थ

पुढील तक्त्यात नेहमी आढळणारी लक्षणे आणि त्यांची दोन्ही बाजूंची संभाव्य कारणे दिली आहेत.

| लक्षण | संभाव्य ताण | संभाव्य आजार |
|---|---|---|
| लपून बसणे | पाहुणे, आवाज, नवा प्राणी | वेदना, ताप, रक्तक्षय |
| भूक मंदावणे | जागा किंवा अन्न बदलणे, दुसऱ्या मांजराचे भय | दातांचे विकार, मूत्रपिंड, यकृत किंवा स्वादुपिंड यांचे आजार |
| ट्रेबाहेर लघवी | अस्वच्छ ट्रे, चुकीची जागा, मांजरांतील वैर | मूत्राशयदाह, मूतखडा, मधुमेह, सांधेदुखी |
| एकाच जागी अतिरेकी चाटणे | दीर्घकालीन ताण | पिसवा, अॅलर्जी, बुरशी, त्या भागातील वेदना |
| चिडचिड, चावणे | भीती, कोंडी | सांधे, दात किंवा पाठ दुखणे |
| रात्री ओरडणे | दिनक्रमातील बदल | अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा विकार, उच्च रक्तदाब, बहिरेपणा, वार्धक्यातील बुद्धिभ्रंश |

अतिरेकी चाटण्याचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. मांजर पोटावरील किंवा मांड्यांवरील केस चाटून काढत असेल, तर त्याला 'मानसिक कारणाने केस जाणे' असे म्हणण्याचा प्रघात होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे प्राथमिक निदान झालेल्या २१ मांजरांची सविस्तर तपासणी करण्यात आली. त्यांपैकी १६ मांजरांच्या खाजेमागे शारीरिक कारण आढळले, ३ मांजरांत शारीरिक व मानसिक कारणे एकत्र होती आणि केवळ २ मांजरांत कारण निव्वळ मानसिक होते.

लघवीच्या बाबतीत मांजराची शरीरस्थिती पाहणे उपयुक्त ठरते. उभे राहून, शेपटी ताठ करून ती थरथरवत भिंतीसारख्या उभ्या पृष्ठभागावर थोडी लघवी उडविणे हे सहसा हद्द दाखविण्याचे वर्तन असते. ते नसबंदी न झालेल्या बोक्यांत अधिक आढळते. याउलट सपाट पृष्ठभागावर बसून केलेली लघवी ही मूत्रविसर्जनाची क्रिया असते. ती ट्रेबाहेर होत असेल, तर मूत्रमार्गाचा विकार, ट्रेविषयीची नावड किंवा ट्रेच्या उंच कडा ओलांडताना होणारी वेदना यांचा विचार करावा लागतो.

वेदनेची चिन्हे

वृद्ध मांजरांत सांधेझीज फार मोठ्या प्रमाणावर आढळते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, १०० वृद्ध मांजरांच्या क्ष-किरण चित्रांवर आधारित अभ्यासात १२ वर्षांवरील ९० टक्के मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा दिसल्या. तरीही अशी मांजरे क्वचितच लंगडतात. पूर्वी एका उडीत कपाटावर चढणारे मांजर आता आधी खुर्चीवर आणि मग कपाटावर चढते, उडी मारण्यापूर्वी घुटमळते किंवा तो नाद सोडून देते. पाठीचा मागचा भाग चाटता न आल्याने तेथील केसांच्या गाठी होतात. दातदुखीत मांजर अन्नाजवळ येते, हुंगते आणि परत फिरते, एकाच बाजूने चावते किंवा तोंडातील घास खाली पाडते. भूक असूनही न खाणे हे भूक नसण्याहून वेगळे लक्षण आहे.

तीव्र वेदना ओळखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी मांजरांसाठी चेहऱ्यावरील हावभावांची वेदना-मोजपट्टी विकसित केली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच बाबींचे निरीक्षण केले जाते:

- कान पुढे उभे आहेत की बाहेरच्या बाजूला वळून चपटे झाले आहेत
- डोळे उघडे आहेत की आकसलेले
- नाकातोंडाचा भाग शिथिल व गोलसर आहे की ताणलेला
- मिशा सैल व वाकलेल्या आहेत की ताठ
- डोके खांद्याच्या रेषेच्या वर आहे की खाली

प्रत्येक बाबीला ० ते २ गुण दिले जातात. एकूण १० पैकी ४ किंवा अधिक गुण असल्यास वेदनाशामक उपचारांचा विचार केला जातो. मांजर झोपलेले असताना, खात असताना, अंग चाटत असताना किंवा ओरडत असताना गुण देऊ नयेत, असा संकेत आहे.

ताणाची मोजपट्टी

ताणाच्या मोजमापासाठी केसलर आणि टर्नर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली सात पायऱ्यांची मोजपट्टी प्रचलित आहे. पूर्ण निवांत अवस्थेपासून अतिभयभीत अवस्थेपर्यंतच्या या पायऱ्या ठरविताना शरीर, पाय, शेपटी, डोके, डोळे, बाहुल्या, कान, मिशा, आवाज आणि हालचाल यांचे निरीक्षण केले जाते. निवांत मांजर कुशीवर पसरून झोपते. ताणाखालील मांजर चारही पाय अंगाखाली घेऊन आणि शेपटी अंगाभोवती लपेटून दबकून बसते. डोळे मिटलेले असूनही कान फिरत असतील आणि स्नायू ताठ असतील, तर ते झोपेचे सोंग असू शकते. बाहुल्यांचा आकार उजेडावरही अवलंबून असल्याने केवळ त्यावरून अनुमान काढले जात नाही. पोटात दुखणारे मांजरही दबकूनच बसते. त्यामुळे ही मोजपट्टी ताणाचे प्रमाण दाखविते, त्याचे कारण सांगत नाही.

मूत्राशयदाह: आजार व ताण यांतील दुवा

आजार आणि ताण यांची सीमारेषा किती पुसट असते, हे अज्ञातहेतुक मूत्राशयदाहात सर्वांत स्पष्ट दिसते. दहा वर्षांखालील मांजरांत खालच्या मूत्रमार्गाच्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींत जंतुसंसर्ग, खडा किंवा गाठ यांपैकी काहीही सापडत नाही. मूत्राशयाला मात्र प्रत्यक्ष सूज असते, लघवीतून रक्त जाते आणि मांजराला वेदना होतात. ताणाला अधिक संवेदनशील असलेल्या मांजरांत चेतासंस्थेच्या अतिसक्रियतेमुळे मूत्राशयाच्या आतील संरक्षक अस्तर दुर्बळ होते, असे मानले जाते. अशा मांजरांत पचनसंस्था, त्वचा आणि वर्तन यांच्याही तक्रारी एकत्र आढळतात, म्हणून अमेरिकी पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी या अवस्थेसाठी २०११ साली 'पँडोरा सिंड्रोम' ही संज्ञा सुचविली.

बहुतेक वेळा हा दाह सुमारे आठवडाभरात आपोआप शमतो आणि पुढे पुन्हा उद्भवतो. त्यामुळे त्या काळात दिलेले कोणतेही औषध गुणकारी ठरल्यासारखे वाटते. जंतुसंसर्ग नसताना दिलेल्या प्रतिजैविकांबाबत असा समज विशेषकरून होतो. पुनरावृत्ती कमी करण्यासाठी परिसरात सुधारणा करणे आणि पाण्याचे सेवन वाढविणे यांवर भर दिला जातो.

तातडीची लक्षणे

काही लक्षणांत कारण ठरेपर्यंत थांबणे प्राणघातक ठरू शकते. पुढील स्थितींत मांजराला त्वरित पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक मानले जाते:

- लघवी तुंबणे: बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो सूक्ष्म खडे किंवा चिकट द्रव्याने बंद होऊ शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही किंवा थेंबभर होते. हे दृश्य बद्धकोष्ठतेसारखे दिसते आणि तसाच समज करून घेतला जातो. मूत्रपिंडांचे कार्य थांबून रक्तातील पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते आणि उपचार न झाल्यास काही दिवसांतच मृत्यू ओढवतो.
- तोंड उघडून श्वास घेणे: कुत्र्यात हे स्वाभाविक असले, तरी विश्रांती घेणाऱ्या मांजरात ते हृदय किंवा फुप्फुसे यांच्या गंभीर विकाराचे चिन्ह असू शकते.
- अन्न पूर्ण बंद होणे: विशेषतः स्थूल मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर शरीरातील चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. उपाशी राहण्याचे मूळ कारण ताण असले, तरी हा परिणाम शारीरिक आणि जीवघेणा असतो.
- मागचे पाय अचानक लुळे पडणे: हृदयविकारात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीत अडकल्याने असे होते. पाय थंड पडतात आणि तीव्र वेदना होतात.
- विषबाधेची शक्यता: माणसांसाठीचे पॅरासिटामॉल, खऱ्या लिलीचा कोणताही भाग आणि कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त पिसूनाशके मांजराला घातक असतात. दुखण्यावर घरगुती उपाय म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मृत्यूचे कारण ठरू शकते.

घरातील निरीक्षण व नोंदी

मांजराचे स्वतःचे नेहमीचे वागणे हाच तुलनेचा सर्वांत उपयुक्त आधार असतो. निरोगी काळातील नोंदी असतील, तर बदल लवकर लक्षात येतो. नोंदींत पुढील बाबींचा समावेश केला जातो.

वजन: ४ किलो वजनाच्या मांजराचे २०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे ५ टक्के घट होय. ६० किलो वजनाच्या माणसात हीच घट ३ किलोंची ठरते. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर महिन्याला वजन करणे हितावह असते. चांगले खाऊनही वजन घटत असेल, तर अवटू ग्रंथीची अतिक्रिया किंवा मधुमेह यांची शंका घेतली जाते.

पाणी: दिवसाला प्रतिकिलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे ४ किलोच्या मांजराने ४०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे असाधारण मानले जाते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, मधुमेह आणि अवटू ग्रंथीची अतिक्रिया ही त्याची प्रमुख कारणे होत. कोरडे अन्न खाणारे मांजर ओले अन्न खाणाऱ्या मांजरापेक्षा अधिक पाणी पिते, हे लक्षात घ्यावे लागते.

श्वसन: गाढ झोपेत निरोगी मांजराचा श्वसनाचा वेग मिनिटाला ३० हून कमी असतो. छातीची एक वर-खाली हालचाल म्हणजे एक श्वास. जागेपणी घुरघुरणाऱ्या मांजराचे श्वास मोजून उपयोग होत नाही.

मलमूत्र: ट्रेमधील लघवीच्या गोळ्यांची रोजची संख्या व आकार पाहिला जातो. लहान आणि पुष्कळ गोळ्या मूत्राशयाच्या दाहाकडे, तर मोठ्या आणि पुष्कळ गोळ्या मूत्रपिंड किंवा मधुमेहाकडे निर्देश करतात.

घटनाक्रम: बदल कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्याच्या आसपास घरात काय घडले, याची तारीखवार नोंद कारण शोधण्यास मदत करते. मात्र बदलाआधी एखादी ताणाची घटना घडली, एवढ्यावरून आजाराची शक्यता नाकारता येत नाही. ताणामुळे सुप्त आजार उघड होऊ शकतो. उदाहरणार्थ, मांजरांतील हर्पिस विषाणू शरीरात सुप्त राहतो आणि ताणाच्या काळात पुन्हा सक्रिय होऊन शिंका व डोळ्यांतून पाणी येणे ही लक्षणे निर्माण करतो.

पशुवैद्यकीय तपासणी

तपासणीत वजन, दात, हिरड्यांचा रंग, पोट, सांधे आणि तापमान पाहिले जाते. निरोगी मांजराचे तापमान साधारणपणे ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. त्यानंतर गरजेनुसार लघवी, रक्त, वृद्ध मांजरांत अवटू संप्रेरक व रक्तदाब, तसेच क्ष-किरण किंवा सोनोग्राफी तपासणी केली जाते.

दवाखान्यातील भीतीमुळे तपासणीचे निष्कर्षही बदलू शकतात. प्रवास आणि अनोळखी वास यांमुळे हृदयाचे ठोके, रक्तदाब, तापमान आणि रक्तातील साखर वाढते. एका तपासणीत साखर वाढलेली दिसली, म्हणून मांजराला मधुमेह आहे असे ठरत नाही. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन या घटकाची चाचणी केली जाते. ती मागील काही आठवड्यांतील साखरेचे सरासरी प्रमाण दर्शविते आणि त्या दिवशीच्या ताणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. दवाखान्यात अनेक मांजरे भीतीने निश्चल बसतात आणि दुखरा पाय किंवा कुंथणे तेथे दिसत नाही. म्हणून घरी केलेले चित्रण निदानात महत्त्वाचे ठरते.

शारीरिक कारण न आढळल्यास

तपासणीत आजार आढळला नाही किंवा आजाराबरोबर ताणही आहे असे दिसले, तर परिसरात बदल केले जातात. अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन या संघटनांनी २०१३ साली मांजरांच्या परिसरविषयक गरजांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत पाच आधारस्तंभ सांगितले आहेत:

- सुरक्षित आश्रयाची जागा
- अन्न, पाणी, ट्रे व विश्रांतीच्या जागा एकाहून अधिक आणि परस्परांपासून दूर असणे
- खेळ व शिकारीसारख्या वर्तनाची संधी
- माणसांशी सकारात्मक, नियमित आणि अपेक्षित असा संपर्क
- मांजराच्या घ्राणेंद्रियाचा आदर राखणारा परिसर

मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक ट्रे असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र एकाच न्हाणीघरात शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच जागा ठरते. लपण्यासाठी साधे पुठ्ठ्याचे खोकेही उपयोगी पडते. नेदरलँड्समधील एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोके मिळालेल्या मांजरांचा ताण खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा पहिल्या काही दिवसांत कमी आढळला. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढल्याने ताण वाढतो, परंतु लपलेले मांजर खाते का आणि लघवी करते का, यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

परिसर सुधारल्यानंतरही लक्षणे कायम राहिली, तर तपासणी पुन्हा केली जाते, कारण काही आजार सुरुवातीच्या चाचण्यांत आढळत नाहीत. 'ताण' हे निदान त्यामुळे अंतिम न मानता, नव्या माहितीनुसार पुन्हा तपासले जाते.

हेही पहा

- पाळीव मांजर
- पशुवैद्यकशास्त्र
- प्राणी वर्तनशास्त्र
- मूत्रपिंड
- मधुमेह